हजेरीची सही

५ जून

आज मी निवडून आले. अर्ज नाही, प्रचार नाही, कुणी विचारलंसुद्धा नाही. संघटनेची वार्षिक सभा चालू होती, कोपऱ्यातल्या बेसिनचा पाइप गळत होता आणि पाणी फायलींच्या कपाटाकडे निघालं होतं, म्हणून मी पाना घेऊन खाली शिरले. वर डोकं काढलं तर टाळ्या. मला वाटलं गळती थांबली म्हणून वाजवताहेत. तर भाऊ म्हणाले, "अभिनंदन, महिला प्रतिनिधी."

नवी वही आहे, तेव्हा ओळख करून द्यायला हवी. आमची संस्था म्हणजे शाळा अर्धवट सुटलेल्यांना, नोकरी गेलेल्यांना, मुलं मोठी झाल्यावर घराबाहेर पडलेल्या बायकांना हातचं काम शिकवणारी. शिकवणाऱ्याला कागदावर निदेशक म्हणतात, पण हाक विषयावरून मारतात. शिवणवाली, केसवाली, जोडकामवाला. मी नळवाली. नऊ वर्षं तासिकेवर आहे. म्हणजे तास घेतला तर मी इथली, नाही घेतला तर कुणाची कोण.

भाऊ संघटनेचे सरचिटणीस, आरेखन शिकवतात, कायम आहेत. माझ्या पहिल्या वर्षी वर्ग उठून गेला होता, बाई काय नळ शिकवणार म्हणून. भाऊ आठवडाभर रोज येऊन शेवटच्या बाकावर बसले. एक शब्द बोलले नाहीत, नुसते बसले. आठवड्यात वर्ग भरला. त्या माणसानं गळ्यात पद घातलं तर नाही कसं म्हणणार? शिवाय महिनाअखेर संस्थेशी करार व्हायचाय आणि महिला प्रतिनिधीच्या सहीशिवाय तो पुढं सरकत नाही म्हणे. पद वर्षभर रिकामं होतं. मीच का, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही निधड्या आहात. कागदांच्या नादी लागत नाही, सरळ कामाला हात घालता."

घरी सांगितलं. ह्यांनी डेपोतल्या टोपीनं सलाम ठोकला. सासूबाई म्हणाल्या, फुकट मिळालेली वस्तू आधी उलटून बघावी. त्यांना कधी कशाचं कौतुक नाही.

१० जून

पहिली तक्रार आली, बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. मी दुपारी जाऊन कडी बसवली. जोडकामवाला हसत सुटला. म्हणाला, प्रतिनिधीनं कडी बसवायची नसते, कडीची मागणी करायची असते. मी म्हटलं, मागणी मंजूर होईपर्यंत बायकांनी काय करायचं ते तू सांग.

संध्याकाळी केसवाली आली. ही माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण इथं अकरा वर्षं आहे, तीही तासिकेवरच. सातवा महिना चालू आहे तिला. शांत बाई. समोरच्याचं पूर्ण ऐकून घेते, मग बोलते, त्यामुळे माझ्यासारखीला तिच्यापुढं जरा अवघडतं. तासिकेवरच्या बायकांना बाळंतपणाची रजा नाही. जितके दिवस घरी, तितके दिवस तू नाहीसच. तिनं एका चिठ्ठीवर एक ओळ लिहून आणली होती: बाळंतपणाच्या काळात तासिका घेता आल्या नाहीत तरी सेवा अखंड धरावी. एवढी ओळ करारात घालून घ्या, ताई, म्हणाली. मी म्हटलं, समज घातली.

२४ जून

वाटाघाटी समितीची बैठक. पहिल्यांदाच त्या लांब टेबलाशी बसले. भाऊंना चिठ्ठी दिली. त्यांनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, हे माझ्यावर सोडा.

बैठकीआधी चहाबरोबर हजेरीचा कागद फिरतो. इथली जुनी पद्धत आहे, सह्या आधी, बोलणं मागून, म्हणजे कुणी मध्येच उठून गेलं तरी अडत नाही. कागदावर माझ्यासाठी वेगळी ओळ टाइप केलेली होती, "महिला प्रतिनिधी" अशी. इतकी वर्षं कुठल्याही कागदावर माझं नाव "इतर"मध्ये असायचं. झोकात सही ठोकली. खाली कोपऱ्यात ११ असा आकडा छापलेला होता. आम्ही सातच जण होतो, अकरा कुठून आले कोण जाणे. साडेतीनला माझा वर्ग होता म्हणून मी निघाले. भाऊ म्हणाले, जा निश्चिंत.

३ जुलै

करार झाला! तासिकेवरच्या एकोणीस जणांना कायम करणार. तीस सप्टेंबरच्या ज्येष्ठता यादीतले पहिले एकोणीस. स्टाफरूममध्ये बिस्किटांचे पुडे फुटले, शिवणवाली रडली. तिचा नवरा गेल्यापासून दोन मुलींचं सगळं तीच बघते, यादीत चौदावी आहे. नऊ वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातो. मी तिला मिठी मारली आणि तीही रडली, मीही रडले, फक्त कारणं वेगळी. मी विसावी आहे.

हातातोंडाशी आलेला घास थोडक्यात हुकला. भाऊंनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "धीर धरा. यादी हलत असते." किती मोठ्या मनाचा माणूस. केसवालीच्या ओळीचं विचारलं, तर ते पुढच्या टप्प्यात.

१२ ऑगस्ट

केसवालीला मुलगी झाली, सहा तारखेला. एक तारखेपर्यंत उभी राहून वर्ग घेतला होता तिनं. संघटनेतर्फे टॉवेलांचा संच घेऊन गेले. बाळ नाकावर राग असल्यासारखं झोपलं होतं. ओळीचं काय झालं विचारलं तिनं. सांगितलं, पुढच्या टप्प्यात. मग म्हणाली, करार वाचलात का तुम्ही? मी हो म्हटलं.

वाचलेला नाही. अकरा पानं आहेत. एकदा घेतला होता हातात, दुसऱ्या पानावर "उपरोक्त" आलं आणि मी कुकर लावायला उठले.

२२ सप्टेंबर

क्रमानं लिहिते.

सकाळी वेळापत्रकाच्या बोर्डाशी केसवाली उभी होती. आज कामावर यायची होती ती. बोर्डावर तिचं नाव नव्हतं. तिच्या जागी नवं कुणीतरी. खिडकीवरच्या कारकुनानं सांगितलं, सलग सहा आठवडे तास नाहीत म्हणून सेवा खंडित, आता नव्यानं अर्ज करा, नाव यादीत शेवटी लागेल. अकरा वर्षं आणि नाव शेवटी. ती ओरडली नाही. तिच्या अंगाला बाळाच्या पावडरचा वास येत होता आणि ती फक्त बोर्ड पुन्हा पुन्हा वाचत होती.

माझं डोकं फिरलं. तशीच प्राचार्यबाईंच्या खोलीत गेले, परवानगीसुद्धा न विचारता. म्हटलं हा कुठला न्याय, बाळंतपण म्हणजे काय सहल आहे? तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, कपाटातून करार काढला आणि चौदावं कलम माझ्यापुढं धरलं. सलग सहा आठवडे तासिका न घेणाऱ्या निदेशकाची सेवा खंडित समजावी, कारण कोणतेही असो.

मी म्हटलं, आमच्या संघटनेनं हे मान्य करणं शक्यच नाही. त्यांनी शेवटचं पान उलटलं. अकरावं. माझी वेगळी ओळ, माझं पद, माझी झोकदार सही. वरच्या दहा पानांना टाचलेली.

"ही सही तुमचीच ना?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. मग त्या जे बोलल्या ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "या कलमाला तुमच्याकडून हरकत येणार असं मी धरूनच चालले होते, बाई. बाळंतपणाचा अपवाद एका ओळीत मागितला असतात तर मी दिला असता. कुणी मागितलाच नाही."

मला खुर्ची लागली. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

२३ सप्टेंबर

सकाळी वर्गाआधी अकराच्या अकरा पानं वाचली. पाऊण तास लागला. फक्त पाऊण तास.

२४ सप्टेंबर

भाऊ आरेखनाच्या हॉलमध्ये एकटे होते, पेन्सिलींना टोक काढत. मी विचारलं, चिठ्ठी कुठं आहे. त्यांनी लपवालपवी केली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाले, ती ओळ मांडली असती तर त्यांनी बदल्यात काहीतरी मागितलं असतं, बोलणी लांबली असती, आणि एकोणीस घरं पुन्हा वर्षभर टांगणीला लागली असती. मी म्हटलं, प्राचार्यबाई द्यायला तयार होत्या. ते म्हणाले, आता कुणीही म्हणेल.

"हजेरी म्हणून सही घेतलीत माझी."

"वीस वर्षं सगळ्यांची तशीच घेतो. वरची पानं मागून लागतात, हे इथल्या शिपायालाही माहीत आहे."

"पण तिचं नाव आठवं होतं, भाऊ."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि विसावं कुणाचं होतं?"

मी बोटांवर मोजलं. आठवी गेली की नववी आठव्या जागी येते, आणि विसावी एकोणिसाव्या. इतका साधा हिशेब, आणि दोन दिवसांत माझ्या डोक्यात आला नव्हता. भाऊ अगदी मायेनं बघत होते. म्हणाले, तुमच्या वर्गात आठवडाभर मी काय उगाच बसलो होतो? तुम्हाला कुणीतरी वर काढायला हवंच होतं.



२५ सप्टेंबर

वर्ग घेतला. उजवा आटा डावा म्हणून शिकवला. विद्यार्थ्यांनीच दुरुस्त केलं.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. प्राचार्यबाई म्हणाल्या आहेत की यादी लागण्याआधी, म्हणजे तीस तारखेपर्यंत, मी लेखी दिलं की ही सही संमतीची नाही, तर करार उभा राहत नाही. एक कलम तेवढं वेगळं काढता येत नाही. पडला तर सगळाच, एकोणीस जागांसकट, आणि बोलणी पहिल्यापासून. ह्यांनी डेपोची टोपी खुंटीला लावली. मग म्हणाले, नऊ वर्षं वाट बघितलीस त्या कागदाची. रागावून नाही म्हणाले, दमून म्हणाले. सासूबाई आतून म्हणाल्या, दुसऱ्याच्या ताटातलं ओढलेलं अंगी लागत नाही. मी त्यांच्यावर खेकसले, पहिल्यांदाच.

२६ सप्टेंबर

केसवालीच्या घरी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, दोरीवर बाळाचे कपडे. मोरीतला नळ ठिबकत होता. काय बोलावं सुचेना म्हणून मी पर्समधला पाना काढला.

"तो नळ राहू द्या, ताई. बसा."

बसले. सगळं सांगितलं, अकरावं पान, चिठ्ठी, विसावा नंबर. तिला नवं काही वाटलं नाही. म्हणाली, मे महिन्यात भाऊ आधी तिच्याकडेच आले होते, प्रतिनिधी हो म्हणून. ती हो म्हणाली होती. फक्त एवढंच म्हणाली होती की सही करण्याआधी सगळी पानं घरी न्यायला मिळाली पाहिजेत. ते बघू म्हणाले. जूनमध्ये माझं नाव आलं.

निधड्या आहात म्हणाले होते मला. मी किती दिवस मिरवलं ते. लाजेनं कानाच्या पाळ्या पेटल्या. मी चिडलेच, खरं सांगायचं तर. म्हटलं, हे सगळं तुला कळत होतं, मग मला एका शब्दानं बोलली का नाहीस?

तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "विचारलं होतं की. करार वाचलात का म्हणून. तुम्ही हो म्हणालात."



२९ सप्टेंबर

सर्वसाधारण सभा. मीच मागितली होती, आणि भाऊंनी बोलावली, नियमाला धरून. हॉल भरला होता. मी उभी राहिले तेव्हा आवाज नेहमीसारखाच मोठा निघाला, ती एक देवाची कृपा. म्हटलं, अकराव्या पानावरची सही माझी आहे. हजेरी म्हणून केली, करार म्हणून नाही. न वाचता केली, हा गाढवपणा माझा. पण त्या सहीच्या जोरावर एका बाईची अकरा वर्षं पुसली आणि ती जागा मला मिळतेय, हे मला चालणार नाही. करार परत बोलणीला पाठवा, चौदाव्यात तिची ओळ घालून आणा, बाकी सगळं तसंच मागा.

मी बोलत होते तेव्हाही हजेरीचा कागद हातोहात फिरत होता. दुसऱ्या रांगेपर्यंत पोचला होता. कुणी वाचत नव्हतं. माझं वाक्य कानावर पडत असताना एक माणूस खाली बघून सही करत होता.

शिवणवाली उठली. तिनं मला नावं ठेवली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तिचं वाईट झालं, मला मान्य आहे. पण परत बोलणी म्हणजे परत वर्ष, आणि तेव्हा ते एकोणीस देतील का बारा, कोण सांगणार? मी चौदावी आहे. माझं काय चुकलं, ते मला सांग."



हात वर झाले. परत पाठवावा म्हणणारे तीन: मी, मागच्या रांगेत बाळाला घेऊन बसलेली केसवाली, आणि जोडकामवाला, जो स्वतः तिसरा आहे आणि ज्याच्याकडून मी कधी अपेक्षाच केली नव्हती. बाकी सगळे विरोधात. एकोणिसांतल्या बाकी बायकांपैकी एकीचाही हात वर नव्हता. मी त्यांना दोष देत नाही. महिन्यापूर्वी मी त्या रांगेत असते तर माझाही झाला नसता.

भाऊ म्हणाले, सभेचं मत स्पष्ट आहे. सभेचं होतं. सही मात्र माझी एकटीची आहे.

३० सप्टेंबर

साडेअकराला खिडकीवर अर्ज दिला. चार ओळी. देण्याआधी तीनदा वाचला. कारकुनानं शिक्का मारला, वर बघितलं, पुन्हा शिक्क्याकडे बघितलं. तो यादीत नाही, पण त्याची बायको सोळावी आहे. पोच दिली त्यानं, हातात नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

यादी लागली नाही.

६ ऑक्टोबर

सहा दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच, की माणसं इतक्या लवकर परकी होतात हे मला माहीत नव्हतं. शिवणवाली मला बघून डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. भांडली नाही, डबासुद्धा आपटला नाही, नुसती उठली. कुणीतरी माझ्या हत्यारांच्या कपाटाला दुसरं कुलूप लावलं, ते करवतीनं कापावं लागलं. भाऊ जिन्यात भेटले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी विचारलं, "बाई, आता तुमच्या मागं कोण बसणार?" खरोखर काळजीनं विचारलं. या माणसाचा मला नीट रागही करता येत नाही, याचाच राग येतो.

आज बोर्डावर दोन कागद होते. एक, महिला प्रतिनिधीपद रिकामं असून इच्छुकांनी नावं द्यावीत. मला कुणी काढल्याचं कळवलं नव्हतं, मीही राजीनामा दिला नव्हता. तिथंच उभी राहून तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. खाली भाऊंची सही होती, आणखी सहा जणांच्या सह्या होत्या, आणि त्यांतल्या एकाला तरी आपण कशावर सही केली हे माहीत असेल का, कुणास ठाऊक.

दुसरा कागद नवं वेळापत्रक. करार नाही म्हणजे चौदावं कलम नाही, म्हणून केसवालीचे सगळे तास परत लागले होते. ती आली, कैच्यांची पेटी हातात. मी वाट बघत होते, खोटं कशाला लिहू. नऊ वर्षांची जागा गेली, मैत्रीण गेली, पद गेलं. निदान एक शब्द तरी ती बोलेल असं वाटत होतं.

तिनं बोर्ड वाचला. मग माझ्याकडे वळली. म्हणाली, "मी आभार मानणार नाही, ताई. माझंच होतं ते."

आणि वर्गात गेली. बरोबरच बोलली ती. माझ्या वर्गाची घंटा झाली, मी पाना घेऊन निघाले.